होलबेक आणि लीड्सचा विस्तारलेला पॅरिश

आजचा दिवस इंग्लंडमधील लीड्स शहराच्या होलबेक भागात पायी हिंडण्यात गेला. अळशीच्या तंतूंपासून सूत कातणारी जॉन मार्शल यांची टेम्पल वर्क्स ही १८४० साली सुरू झालेली गिरणी मी बाहेरूनच पाहिली. तिचा दर्शनी भाग इजिप्तमधील मंदिरासारखा आहे आणि सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा टिकवण्यासाठी तिच्या सपाट छतावर एकेकाळी गवत लावलेले होते. सुतासाठी घेतलेली ही काळजी मजुरांच्या वस्तीच्या वाट्याला आली नाही, हे मनाला फार लागले.

होलबेक हा लीड्सच्या विस्तीर्ण जुन्या पॅरिशचाच, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील प्रदेशाचाच, एक भाग होता. १८०१ मध्ये या पॅरिशची लोकसंख्या सुमारे ५३ हजार होती. कालवा, कोळसा आणि वाफेची यंत्रे यांच्या बळावर ती १८४१ पर्यंत दीड लाखावर गेली. घरे दाटीने वाढली, सांडपाण्याची सोय मात्र झाली नाही आणि १८३२ च्या पटकीत शहरात सुमारे ७०० माणसे दगावली. रॉबर्ट बेकर या डॉक्टरांनी रोगाची ठिकाणे नकाशावर दाखवून गलिच्छ वस्त्यांशी असलेला त्याचा संबंध स्पष्ट केला. माझ्या मते शहराची ती सर्वांत मोलाची सेवा होती.

एवढ्या लोकसंख्येला एक पॅरिश पुरेसा नाही, हे १८३७ मध्ये आलेले धर्मगुरू वॉल्टर हूक यांनी ओळखले. १८४४ च्या कायद्याने त्यांनी पॅरिशची विभागणी घडवून आणली आणि त्यासाठी स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा वाटा सोडला.