द हेल कुठे लावायचं

सिरीज बघून बघून आपल्याकडची पोरं आता सर्रास व्हॉट द हेल म्हणतात, पण ह्या शिवराळ शेपटालाही व्याकरण आहे आणि ते चांगलंच कडक आहे हे फारसं कोणी सांगत नाही. द हेल बसतं ते प्रश्नाच्या शब्दाला चिकटूनच. हू द हेल टोल्ड यू, व्हेअर द हेल इज माय चार्जर, सगळं चालतं, पण व्हेअर इज माय चार्जर द हेल असं शेवटी टाकलं की गेलं. आणि विचला तर ते लागतच नाही, विच द हेल बस कोणी म्हणत नाही, कारण विच म्हटलं की दोन-चार पर्याय समोर ठरलेले असतात आणि द हेल निघतं ते उत्तराचा काही पत्ताच नसताना. म्हणून आय डोन्ट नो हू द हेल ही इज बरोबर, पण त्यातला डोन्ट काढलात तर वाक्य एकदम विचित्र वाटतं.

व्हाय द हेल शुड आय ला तर उत्तर नकोच असतं, तो सरळ नकार आहे!

तिखटपणा कमी-जास्त करता येतो. ऑन अर्थ सभ्य, हेक म्हणजे हेलचंच सोवळं रूप, मग हेल, आणि त्याच्या वर एफवाला शब्द, तो ऑफिसच्या मेलमध्ये चुकूनही नको (डब्ल्यूटीएफ लिहिलं तरी सगळ्यांना कळतं हां). जुन्या काळी डेव्हिल म्हणायचे, ते टाळायला डिकन्स, शेक्सपिअरच्या नाटकात व्हॉट द डिकन्स आहे आणि तेव्हा चार्ल्स डिकन्स जन्मायला दोनशे वर्षं होती.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी टुरिझम संस्थेने तर जाहिरातच केली, पाहुण्यांसाठीची सगळी तयारी दाखवून शेवटी लारा बिंगल ही मॉडेल बीचवरून विचारते, सो व्हेअर द ब्लडी हेल आर यू? ब्रिटनमध्ये ब्लडीवरून ती टीव्हीवर अडवली, मग बोंबाबोंब झाल्यावर सोडली. तेव्हा त्या संस्थेचे प्रमुख होते स्कॉट मॉरिसन, पुढे पंतप्रधान झाले ते. मला ती जाहिरात आवडते, कारण त्यात राग कमी आणि अरे कुठे मेलायस, ये ना, हा सूर जास्त आहे.

आणि नुसतं व्हॉट द हेल, खांदे उडवून म्हटलेलं, ते प्रश्न नसतोच. जाऊ दे, होईल ते होईल, मागव अजून एक प्लेट.