विल्यम क्रीकला अडकलो तेव्हा

ऊडनाडाटा ट्रॅकवर भूजलाच्या मोजणीसाठी माझी फेरी असते. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरीपासून मार्लापर्यंतचा हा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. वाटेत पेट्रोल मिळतं ते विल्यम क्रीकला आणि ऊडनाडाटाला, आणि या दोन ठिकाणांमध्येही दोनशे किलोमीटर आहेत. गेल्या फेरीत पावसामुळे विल्यम क्रीकला मुक्काम पडला. तो दिवस मला विसरता येणार नाही.

सकाळी वाबमा कडार्बू उद्यानात ‘बबलर’ नावाच्या झऱ्यापाशी थांबलो. चहूकडे खारवट, भेगाळलेली सपाटी, आणि झऱ्यातूनच आलेले क्षार नि रेती साठून तयार झालेला उंचवटा. माथ्यावर कुंड. तळाची रेती निपचित पडलेली असते, मग एकाएकी चुलीवरच्या पिठल्यासारखी रटरटते, गोल फिरते आणि पुन्हा बसते. मी क्षारता मोजायची कांडी हातात धरून बघतच राहिलो. इथले मूळ रहिवासी असलेल्या अरबाना लोकांच्या कथेत ही मारल्या गेलेल्या सापाची वळवळ आहे. शेजारचा ‘ब्लांश कप’ म्हणजे त्याला भाजण्याची भट्टी.

हे पाणी ग्रेट आर्टेशियन बेसिनचं. सतरा लाख चौरस किलोमीटरचं हे भूजलखोरं, म्हणजे देशाचा पाचवा हिस्सा. बहुतेक पाणी पूर्वेकडच्या डोंगरांत मुरतं आणि वालुकाश्मातून वर्षाला जेमतेम मीटर-दोन मीटर सरकतं. खोऱ्याच्या या कडेला पोचेपर्यंत लाखो वर्षं उलटतात. खाली इतका दाब असतो की बोअर मारली तर पंपाशिवाय पाणी वर येतं. मी लातूरचा. हजार फुटांवर नुसता फुफाटा उडताना पाहिलेल्या माणसाला हे पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं.

आणि या रस्त्याचं सगळं गणित त्या झऱ्यांत आहे. अरबाना लोक पिढ्यान्‌पिढ्या झऱ्यावरून झऱ्याकडे जात. जॉन मॅकडूअल स्टुअर्ट या शोधप्रवाशाच्या मोहिमा त्याच ओळीने उत्तरेला गेल्या, १८७२ साली पूर्ण झालेली अॅडलेड-डार्विन तारयंत्राची लाइनही तिथूनच गेली. बलुचिस्तान, सिंध, पंजाबातून आलेले उंटवाले याच वाटेने माल नेत. मग आली ‘घान’ रेल्वे, कारण वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं. १९८० साली ती इथून बंद झाली. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून आमच्या लातूरला आगगाडीने पाणी आलं होतं. इथे पाणी होतं म्हणून आगगाडी आली.

दुपारनंतर आभाळ दाटलं. या मातीत थोड्या पावसानेही चाकं रुततात, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो. विल्यम क्रीकला पोचलो आणि मागचा-पुढचा दोन्ही रस्ते बंद झाल्याचं कळलं. गाव म्हणजे एक पब, तंबूंसाठी मोकळं मैदान, समोर धावपट्टी आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. चोहोबाजूंनी अॅना क्रीक हे जगातलं सर्वांत मोठं गुरं पाळण्याचं रान. पबच्या भिंतींवर आणि छतावर प्रवाशांनी लावलेली ओळखपत्रं, टोप्या, नोटा.

काउंटरपाशी एक म्हातारा गुराखी भेटला. मी काय काम करतो ते कळल्यावर त्याने थेट विचारलं, “दाब किती आला?” मी वही उघडून दाखवली. मागच्या नोंदीपेक्षा थोडा वाढलेला आकडा त्याने दोनदा वाचला. त्याच्या तरुणपणी बोअर रात्रंदिवस उघड्या वाहायच्या. मैलोन्‌मैल चरांतून पाणी जायचं आणि बहुतेक उन्हात उडून किंवा जमिनीत जिरून जायचं. बोअरना झाकणं नि पाइप बसवायला सुरुवात झाली तेव्हा आपणच विरोध केला होता, असं तो म्हणाला. “आमचे झरे आटायला लागले, तेव्हा उमगलं.”

इथे येणारे बहुतेकजण जवळच्या ‘लेक एअर’ (Eyre) या खाऱ्या सरोवरावरून विमानातून चक्कर मारून परततात. जरूर मारावी, पण बबलरपाशीही अर्धा तास बसावं. झऱ्यांच्या पाण्यात असे काही मासे आणि गोगलगायी आहेत, ज्या दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. दाब उतरला की झरा आटतो, आणि त्याबरोबर त्याही संपतात. दक्षिणेकडच्या ‘ऑलिंपिक डॅम’ या तांब्याच्या खाणीलाही याच खोऱ्यातलं पाणी जातं. म्हणून दर फेरीचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

म्हाताऱ्याने मग माझ्या नकाशावर पेन्सिलीने एक खूण केली. तिथल्या जुन्या बोअरचं केसिंग, म्हणजे आतली लोखंडी नळी, गंजलंय आणि बाजूने पाणी झिरपतंय, म्हणाला. ती माझ्या यादीत नव्हती. रस्ता उघडला की आधी तिथेच जायचं, असं आमचं ठरलं.