टाकीतलं पाणी आणि बादलीतलं पाणी

नवीन मोठ्या मत्स्यालयाच्या साइटवर मी लाइफ सपोर्टच्या टीममध्ये होतो. म्हणजे पंप, फिल्टर, पाइप, व्हॉल्व्ह, जे तिकीट काढून कोणी बघायला येत नाही ते सगळं आमच्याकडे. हे हायड्रोटेस्टच्या, म्हणजे टाकी पाण्याने भरून गळते का बघतात त्या दिवसाचं.

मुख्य टाकी ४०० चौरस मीटरची, ७ मीटर खोल, म्हणजे २८ लाख लिटर. पहिल्यांदा भरतात ती साध्या पाण्याने, कारण कुठे झिरपलंच तर खारं पाणी काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचायला नको, एकदा गंज धरला की मग वरून कितीही मलमपट्टी करा. समोर १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच अ‍ॅक्रिलिकचं पॅनल, त्यावर पाण्याचा दाब मिळून पावणेदोनशे टनांच्या आसपास. काचेपेक्षा अ‍ॅक्रिलिक बरं, एवढ्या जाडीतही हिरवट दिसत नाही, पण पाणी चढत जातं तसं ते मधून किंचित बाहेर झुकतं. डिझाइनमध्येच धरलेलं असतं ते, तरी बघताना पोटात गोळा येतोच.

रात्री ९ ला टाकी फुल करून भिंतीवर खूण केली. सकाळी ९ ला बघतो तर पाणी ९ मिलिमीटर खाली!

४०० चौरस मीटरवर ९ मिलिमीटर म्हणजे ३६०० लिटर. झालं, भांडणं सुरू. एक जण म्हणाला पॅनलच्या सिलिकॉनमध्ये गडबड आहे, दुसरा म्हणाला वॉटरप्रूफिंग, आणि मॅनेजरच्या डोक्यात बर्लिनचं अ‍ॅक्वाडोम, म्हणजे तिथलं अ‍ॅक्रिलिकचं मोठं मत्स्यालय, १६ डिसेंबर २०२२ ला फुटून सुमारे १० लाख लिटर पाणी बाहेर आलं होतं ते, तेव्हापासून अ‍ॅक्रिलिक म्हटलं की सगळे आधी चार पावलं मागे सरकतात. सिलिकॉनवाला बिचारा टॉर्च घेऊन कडा चाचपत होता, प्रत्येक इंच कोरडा, पण ऐकतंय कोण. खरं सांगतो, मीही त्याच्यावर ओरडलो. आठवडाभरात मिठाच्या गाड्या यायच्या होत्या (लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर जवळपास १०० टन मीठ लागतं) आणि सगळ्यांचं डोकं तापलेलं.

आमचे एक म्हातारे फिटर काका होते, ते म्हणाले साहेब आधी बादली लावा. रंगाची रिकामी प्लॅस्टिक बादली धुतली, टाकीचंच पाणी भरलं, आत वीट ठेवली आणि दोरीने टाकीतच अर्धी बुडवून टांगली. आत एक खूण, बाहेर एक खूण. हवेत उडून जाणारं पाणी दोन्हीकडून सारखंच जाणार, त्यामुळे जो फरक पडेल तो गळतीचा. बारा तासांत बादलीत २ मिलिमीटर उतरलं, टाकीत ९. म्हणजे २८०० लिटर खरंच कुठेतरी चाललंय, मिनिटाला ४ लिटर म्हणजे नळ सोडून ठेवल्यासारखं, आणि कुठे ओल नाही!

काका खाली पंप रूममध्ये गेले, मी मागोमाग. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक व्हॉल्व्हवर टेकवलं आणि मूठ कानाला. एक, दुसरा, तिसरा... टाकीच्या तळाच्या ड्रेनच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हवर (आत गोल चकती फिरून पाइप बंद करते तो) थांबले आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे दिला. आत बारीक सूंऽऽ असा आवाज. हँडल बंदवर होतं म्हणून कोणी तिकडे बघितलंच नव्हतं, आणि गळलेलं पाणी पाइपातून थेट संपमध्ये (सांडपाणी जमा होतं त्या खालच्या खड्ड्यात), संपचा पंप ऑटोवर, तो आपला इमानदारीत उपसून टाकत होता. म्हणजे गळती आमच्याच खात्यातली, सिलिकॉनवाल्याची नाहीच.

व्हॉल्व्ह काढायचा तर टाकी रिकामी करावी लागणार. त्यापेक्षा काकांनी तो दोनदा झटकन पूर्ण उघडून बंद केला, धडाड् करून पाणी गेलं आणि सूं बंद. संपच्या तोंडावरची जाळी काढली तर त्यात निळा रबरी हातमोजा, डाव्या हाताचा. पाइप जोडताना कोणाचा तरी आत राहिलेला, तोच चकतीत अडकून व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नव्हता.

पुढचे तीन दिवस बादली आणि टाकी बरोबरीने उतरल्या. सिलिकॉनवाल्याला सॉरी म्हटलं, तो नुसता हसला.

मीठ पडायच्या आधी डायव्हर उतरवून सगळ्या जाळ्या आणि सक्शनची तोंडं तपासून घेतली. उजव्या हाताचा मोजा अजून सापडलेला नाही.