बायफोल्ड दरवाजाचं हँडल: आधी जागा ठरवा, मग डिझाइन

हँडल निवडताना बहुतेकांचं सगळं लक्ष रंगावर आणि आकारावर असतं. साध्या दरवाजाला ते चालून जातं. घडीच्या, म्हणजे बायफोल्ड, दरवाजाला मात्र हँडल कुठे बसतं यावर तो एका बोटाने उघडणार की दोन हातांनी ओढावा लागणार हे ठरतं, म्हणून सुरुवात जागेपासूनच करूया.

दोन पल्ल्यांचा दरवाजा डोळ्यांसमोर आणा. एक पल्ला चौकटीजवळ पिव्हटवर, म्हणजे वर-खाली बसवलेल्या खिळीवर, फिरतो. दुसरा, म्हणजे पुढचा पल्ला, त्याला बिजागऱ्यांनी जोडलेला असतो आणि त्याची मोकळी कड रोलरवर वरच्या ट्रॅकमधून सरकते. उघडताना मधली घडी आपल्याकडे येते आणि दोन्ही पल्ले पाठीला पाठ लावून मिटतात. चौकटीकडच्या पल्ल्याची पुढची बाजू तेव्हा चौकटीकडे वळते. तिथे हँडल लावलं तर ते चौकटीच्या पट्टीला थडकतं, नाहीतर हातालाच लागत नाही. म्हणून हँडल पुढच्या पल्ल्यावरच.

आता पुढच्या पल्ल्यावर नेमकं कुठे? सवयीने हात मोकळ्या कडेकडे जातो, आणि चूक होते ती इथेच. ती कड ट्रॅकमध्ये अडकलेली असते, ती आपल्याकडे येऊच शकत नाही. समजा पल्ला 400 मिमी रुंद आहे. घडीवर ओढायला जेवढा जोर लागतो, त्याच्या दुप्पट पल्ल्याच्या मधोमध लागतो, आणि रोलरच्या कडेपासून 50 मिमीवर आठपट. असा दरवाजा रोज हिसके खातो. काही दिवसांत रोलरची पिन वाकते किंवा हँडलचा स्क्रू ढिला होतो, आणि दोष मात्र ट्रॅकला दिला जातो.

मिटलेला दरवाजा बंद करताना गणित उलटं होतं. तेव्हा पल्ला ट्रॅकच्या दिशेने आडवा ओढायचा असतो आणि रोलरची कड सोपी पडते. पण फरक फार नाही: रोलरच्या कडेच्या तुलनेत मधोमध साधारण एक तृतीयांश जोर जास्त, आणि अगदी घडीजवळ दुप्पट. दोन्ही बाजू तोलल्या तर मध्यावर किंवा मध्यापासून थोडं घडीकडे, हीच जागा योग्य ठरते. 400 मिमीच्या पल्ल्यात घडीपासून 150 ते 200 मिमी. अगदी घडीला चिकटवून मात्र लावू नका. उघड्या दरवाजात घडीच्या पुढच्या कडा फाकतात आणि बंद होताना एकमेकींवर मिटतात. बोटं तिथेच चिमटतात, लहान मुलांची तर हमखास. निदान 60 मिमी अंतर राहू द्या.

पल्ल्याची बनावट ही जागा थोडी हलवते. चौकट करून मध्ये पातळ फळी बसवलेला पल्ला असेल तर मध्यावर ती फळीच येते आणि ओढून ओढून तडकते. मधली आडवी पट्टी असेल तर हँडल तिच्यावर घ्या, नसेल तर घडीकडच्या उभ्या पट्टीवर. आडव्या झडपांच्या (लूव्हर) दरवाजाचंही तसंच. आतून पोकळ पल्ल्याला लाकडासाठीचा स्क्रू नुसत्या वरच्या पातळ थरात धरतो आणि निघून येतो. तिथे आरपार बोल्ट आणि मागे रुंद वॉशर लागतोच.

हँडलचा प्रकार निवडताना पुढे किती येतं ते मोजा. 35 मिमी जाडीचे दोन पल्ले, मधली फट 5 मिमी आणि 30 मिमी पुढे येणारा नॉब, म्हणजे घडी केल्यावर 105 मिमी जागा गेली. कपाटाच्या आत ड्रॉवर असतील तर ते या नॉबला घासतात. दोन खोल्यांमधल्या दरवाजाला मागूनही हँडल हवं असतं, पण पाठी एकमेकींना भिडत असल्याने मागे खाचेत बसणारं सपाट हँडलच चालतं. पुढे-मागे दोन्हीकडे 12 मिमी खोलीची सपाट हँडलं घेतली तर 35 मिमीच्या पल्ल्यात मध्ये 11 मिमी लाकूड उरतं. 25 मिमीच्या पल्ल्यात जेमतेम 1 मिमी. तिथे दोन्ही एकमेकांच्या पाठीमागे आणू नका, सरकवून घ्या.

बसवताना दरवाजा आधी पूर्ण टांगून लेव्हल करून घ्या. पिव्हट वरखाली केला की हँडलची उंचीही बदलते, म्हणून खूण नंतर. उंची जमिनीपासून 900 ते 1050 मिमी. खोलीत इतर दरवाजे असतील तर त्यांच्या हँडलच्या रेषेत. मध्ये येऊन मिटणाऱ्या दोन जोड्या असतील तर दोन्हीकडे जमिनीपासून वेगवेगळं मोजू नका, फरशीचा उतार तिथे दिसतो. दरवाजे बंद करून स्पिरिट लेव्हलने एकच आडवी रेघ मारा. रेघ मास्किंग टेपवर मारली की रंगही वाचतो.

नॉबचा बोल्ट बहुधा एम4, म्हणजे 4 मिमी जाडीचा, असतो. आधी 2 मिमीचं मार्गदर्शक छिद्र, मग 5 मिमीचं. मागून लाकडाचा तुकडा क्लॅम्पने घट्ट दाबून धरा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना मागच्या बाजूचा कपचा उडतो. ड्रिल काटकोनात राहतंय का हे गुण्या लावून बघा. 35 मिमी जाडीत थोडा तिरकेपणाही मागे ठळक दिसतो.

नॉबबरोबर येणारा बोल्ट बरेचदा 25 मिमीचा असतो, 18 मिमीच्या कपाटाच्या फळीसाठी. 35 मिमीच्या पल्ल्याला 45 मिमीचा लागतो. आखूड बोल्ट पुरावा म्हणून मागून खोल खड्डा करण्यापेक्षा लांब बोल्ट आणणं कधीही बरं. आणलेला जास्त लांब असला तर करवतीने कापा, पण आधी त्यावर नट चढवून ठेवा. कापल्यावर तो उलटा फिरवून काढला की आटे साफ होतात. मागचं डोकं सपाट बुडणारं घ्या आणि त्यासाठी काउंटरसिंक करा, म्हणजे छिद्राचं तोंड डोकं बुडेल इतकं उतरतं कोरा. फुगीर डोकं दोन-अडीच मिमी वर राहतं, मधली फट अरुंद असेल तर समोरच्या पल्ल्याला घासतं आणि घडी पूर्ण मिटत नाही. पोकळ पल्ल्यातला रुंद वॉशरही याच कारणासाठी पातळ हवा. एका बोल्टवरचा नॉब फिरून सैल होतो, म्हणून आट्यांवर मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकचा (आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब टाका, तेवढा पुरतो.

छिद्र चुकलंच तर पुट्टी भरून त्याच्या बाजूला दुसरं पाडू नका, ड्रिल जुन्या छिद्रात घसरतं. चुकलेलं छिद्र 8 मिमीचं करा, त्यात त्याच मापाची लाकडी खुंटी गोंद लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, पटाशीने सपाट करा आणि मग नव्याने खूण करा. पल्ला पॉलिशचा असेल तर खुंटी दिसेल. तिथे नॉबखाली चकती असलेलं हँडल घेतलं की डाग झाकला जातो.