साबणाच्या पुड्यांपाशी

बुधवार, रात्री सव्वाअकरा

काल झोपताना रँडल जॅरेल या अमेरिकन कवीच्या दोन कविता एकापाठोपाठ वाचल्या. आज दिवसभर त्या डोक्यातून गेल्या नाहीत.

पहिली १९४५ची, अवघ्या पाच ओळींची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ आणि बी-२४ या बॉम्बफेकी विमानांच्या पोटाला प्लेक्सिग्लासचा, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकचा, एक गोल बसवलेला असे. आत दोन मशीनगन आणि एक माणूस. जागा इतकी तोकडी, की लहान चणीचाच माणूस लागायचा. खालून शत्रूचं विमान आलं, की नेम धरताना गोल फिरायचा आणि त्याच्याबरोबर तोही, अंग दुमडून, उलटा. जॅरेलने कवितेवरच्या टिपणात लिहिलंय, की तो गर्भातल्या बाळासारखा दिसे. जॅरेल स्वतः विमानदलात होता. लढाईवर गेला नाही. ॲरिझोनातल्या तळावर पोरांना ताऱ्यांवरून वाट काढायला शिकवायचा. ती पोरं पुढे कुठे जातात, हे त्याला ठाऊक होतं.

कवितेत बोलतो तो त्या गोलातला मेलेला मुलगा. आईच्या झोपेतून निसटून तो राज्यसंस्थेच्या पोटात पडला. अंगावरची ओली फर गोठली. जमिनीपासून सहा मैल वर जाग आली ती काळ्या स्फोटांत. आणि शेवटी, मेल्यावर, त्याला नळीने धुऊन बाहेर काढलं. एवढंच. टिपणात जॅरेल आणखी सांगतो, की ती नळी वाफेची होती.

या तपशिलाशी मी थांबले ती थांबलेच. गोल पुन्हा वापरायचा होता, म्हणून तो स्वच्छ हवा होता. मुलगा म्हणजे आत राहिलेली घाण.

दुसरी कविता त्याच्या १९६५च्या संग्रहातली. सुपरमार्केटात एक वयस्क बाई साबणाच्या पुड्यांपुढून जाते आहे. पुड्यांची नावं चिअर, जॉय, ऑल. हर्ष, आनंद, सर्व काही. ही नावं त्याने रचलेली नाहीत, बाजारातलीच आहेत. तिला नवरा, घर, मुलं, तरुणपणी मागितलं ते सगळं मिळालंय. आता एकच इच्छा उरलीय: गाडीत सामान ठेवणाऱ्या मुलाने आपल्याकडे पाहावं. तो पाहत नाही.

युद्ध आणि दुकान मला एका तराजूत घालायचं नाही. तिथे पोरगा जिवानिशी जातो, इथे भरल्या घरात बाई कुढते. तरी एकाच माणसाने वीस वर्षांच्या अंतराने एकदा वाफेची नळी लिहावी आणि एकदा साबणाचे पुडे, हे मला योगायोग वाटत नाही. दोन्हीकडे वस्तूची निगा चोख आहे. माणसाकडे कुणाचं लक्ष नाही.

मर्ढेकरांचे ओल्या पिपात मेलेले उंदीरही आठवले. कॉलेजात आम्ही ती कविता 'युद्धोत्तर मूल्यऱ्हास' या एका शब्दावर उरकली होती, परीक्षेला तेवढं पुरलं. उंदरांचे ओठ, डोळे, माना, ज्यांच्यावर मर्ढेकर एवढे रेंगाळतात, त्यांच्याविषयी कुणी काही बोललं नाही. आज वाटतं, खरी कविता तिथेच होती.

संध्याकाळी साबणाची पावडर संपली म्हणून फोनवरून मागवली. बाहेर पाऊस कोसळत होता. नकाशावर एक इवलीशी स्कूटर सरकत होती. चौकात ती अडली तेव्हा मी चुळबुळ केली. नऊ मिनिटांत बेल वाजली. दार उघडलं, पिशवी घेतली, ओटीपी सांगितला, दार लावलं.

पुडा पूर्ण कोरडा होता. एवढ्या पावसात तो रेनकोटच्या आत धरूनच आणला असणार.

रात्री कपडे भिजवताना त्याचा चेहरा आठवून पाहिला. हेल्मेट आठवलं. त्याच्या काचेवरून ओघळणारे थेंब आठवले.