बारकीची तीन वर्षं
बारकी ही मी पाळलेली गार्टर सापाची मादी; हे उत्तर अमेरिकेतले लहान, सडपातळ साप. ती जन्मली तेव्हा काट्यावर जेमतेम दीड ग्रॅम भरली होती. वेतातल्या अठरा पिल्लांत सगळ्यांत लहान, म्हणून नाव बारकी. गार्टर साप अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. पहिली कात पडली की त्यांना भूक लागते, आणि तिथून पाळणाऱ्याची धावपळ सुरू होते.

सुरुवातीला सगळी पिल्लं मी एकाच डब्यात ठेवली होती. एके संध्याकाळी एका गांडुळाची दोन टोकं दोन भावंडांनी धरली. दोघंही गिळत गिळत मध्यावर आली, आणि मोठ्याचा जबडा बारकीच्या नाकावर चढायला लागला. सोडायला कुणीच तयार नाही. शेवटी लहान कात्रीने गांडूळ मधोमध कापलं, तेव्हा कुठे दोघं वेगळी झाली. त्या रात्रीच प्रत्येकाला स्वतंत्र डबा दिला. जेवण तरी वेगळंच द्या, एवढं मी प्रत्येकाला कळवळून सांगते.

खाण्यात माझी एक चूक फार महागात पडली. आधीच्या वेतातल्या पिल्लांना मी कित्येक आठवडे गोल्डफिश देत होते. त्या माशात थायमिनेज असतं, ते ब जीवनसत्त्वातलं बी-१ नष्ट करतं. एक पिल्लू मान पिळून गोल गोल फिरायला लागलं आणि दोन दिवसांत गेलं. अजून आठवलं की पोटात कालवतं. आता ट्राउट किंवा सामन, गांडुळं आणि हळूहळू उंदराची पिल्लं. बारकी उंदराच्या पिल्लाकडे ढुंकून बघेना. मग ते गांडुळावर घासून द्यायला लागले. वासाला फसली आणि खाल्लं! खतातली लाल गांडुळं मात्र चुकूनही देऊ नका, ती सापांना बाधतात.

सारखं खाऊ घातलं तर मादी वर्षभरात मीलनासाठी लांबीला पुरेशी होते, पण अंगात भर नसते. गाभणपणाचा भार तिनेच सोसायचा असतो. नर दीड वर्षात तयार होतात, म्हणून मादीची घाई करायची हे मला पटत नाही. बारकीला मी तीन वर्षं दिली.

यंदा मीलनाआधी तिला थंडीत ठेवलं, हिवाळ्यातल्या शीतनिद्रेसारखं. आधी दोन आठवडे खाणं बंद, कारण पोटात अन्न राहिलं तर थंडीत ते कुजतं. मग दहा आठवडे साधारण दहा अंशांवर. पाणी कायम भरलेलं, आणि दर रविवारी वजन.

बाहेर काढल्यावर तिने खाल्लं, कात टाकली. आज सकाळी वजन ९५ ग्रॅम. दुपारी नराला तिच्या डब्यात सोडलं. तो क्षणभर जीभ लपलपवत थांबला आणि मग हनुवटी तिच्या पाठीवर टेकवून, अंगाला बारीक झटके देत, शेपटीकडून डोक्याकडे सरकत गेला. बारकी हलली नाही.