पोट अजून झोपलंय

“आई, मी उठलो, पण माझं पोट अजून झोपलंय!”

हर्नियाचं ऑपरेशन होऊन तासच झाला होता. लेक पट्टीच्या कडेनं बोट फिरवत होता, चेहऱ्यावर नुसतं कुतूहल. तो भुलीत असतानाच डॉक्टरांनी पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये, वजनाप्रमाणे मोजून, बुपिव्हॅकेन हे तेवढा भाग बधिर करणारं औषध सोडलं होतं. “काही तासांत असर उतरेल. दुखायची वाट बघू नका, पॅरासिटामॉल वेळेवर द्या,” असं बजावलंही होतं.

तो हसत होता. मी औषध लांबवलं. (कशाला उगीच, म्हणून!)

मग पोट जागं झालं.

१९८०च्या दशकापर्यंत तान्ह्या बाळांना वेदना नीट कळत नाहीत असं मानून कित्येक ऑपरेशनं जुजबी भुलीवर व्हायची. ते वाचून मी केवढी चिडले होते. आणि आज मी काय केलं?